आबांच्या खिशातला फोन

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. मी इकडे देवाच्या कृपेने धडधाकट आहे आणि तुम्हीही सगळे तसेच असाल असं धरून चालतो. तुझा गुडघा काय म्हणतो, वहिनींची कंबर कशी आहे, आणि दुकानाच्या पत्र्याचं भोक बुजवलंस की अजून त्याखाली बादलीच ठेवतोस, ते कळव. (कळव म्हणजे फोन करू नकोस. का ते पुढे येईलच.) हे पत्र आमच्या कंपनीच्या इलेक्ट्रिशियनच्या हाती देतोय, त्याचं इथलं काम संपलं, तो उद्या निघतो. पत्र दुकानात बसून, एकट्याने आणि मनातल्या मनात वाच. मी मोबाइलवर काही लिहिलं की तू ते आबांना मोठ्याने वाचून दाखवतोस, आणि यातलं एक अक्षरही त्यांच्या कानावर जाता कामा नये. म्हणून हा पाकिटाचा खटाटोप.

तू पाठवलेले माझ्या फोनच्या बिलाचे फोटो मिळाले. एका फोटोत बिल मावलं नाही म्हणून चार काढलेस, आणि खाली फक्त एवढंच लिहिलंस, ‘हे काय आहे?’ दादा, इतक्या थोड्या शब्दांत तू मला आजवर कधी रागावला नव्हतास. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती, की आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला काही केल्या तयार होत नाहीत, तेव्हा सोमवारी दवाखान्यात जाऊन नंबर रद्द करतोस. बिलाच्या चार पानांनी माझी झोप उडाली नाही, या एका ओळीने उडाली. पण आधी बिलाचं सांगतो, कारण दोन्ही गोष्टी एकाच खिशातून निघाल्या आहेत. (फोनचं कार्ड तुझ्या नावावर घ्यावं लागलं, कारण तेव्हा माझ्याकडे पत्त्याचा एकही कागद नव्हता. त्याचं फळ तू आज भोगतो आहेस. बिल मी आल्याबरोबर भरीन.)

विमानातून उतरून फोन चालू केला आणि पहिलाच संदेश आला की आपलं या देशात स्वागत आहे. परका मुलूख, बॅग अजून आलेली नाही, आणि कुणीतरी इतक्या आस्थेने चौकशी करतंय, मला भरून आलं. मी तिथेच भिंतीला टेकून उत्तर लिहिलं, ‘आपला आभारी आहे. प्रवास सुखाचा झाला. आपणही प्रकृतीस जपावे.’ पलीकडे माणूस नसून कंपनीचं यंत्र आहे, हे मला इलेक्ट्रिशियनने पोट धरून हसत सांगितलं. बिलाची पहिली ओळ ती. (मला अजूनही त्यात चूक वाटत नाही. ‘या’ म्हटलं की ‘आलो’ म्हणायचं असतं.) त्या संदेशाच्या शेवटी बारीक अक्षरांत दर दिले होते, केलेल्या फोनचे वेगळे आणि आलेल्या फोनचे वेगळे. बोलण्याचे पैसे पडतात हे मी समजू शकतो, पण ऐकण्याचेही पडतात हे पन्नाशी जवळ आली तरी मला कुणी सांगितलं नव्हतं. आजवर प्रवचनं, साहेबांची भाषणं आणि तुझी बोलणी, सगळं मी फुकट ऐकत आलो.

आता तू म्हणशील, इंटरनेटवरून फुकट बोलता येतं. येतं ना! हिच्याशी मी रोज तसंच बोलतो, आणि ही माझं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन ठेवते. पण आबांचा फोन बटणांचा. तुमच्याकडे सकाळ असते तेव्हा इथे जेवणाची सुट्टी होते, आणि बरोबर त्या वेळी आबांचा फोन येतो. ‘पोटभर जेवलास का? काम नीट कर. बरं. देव आहे.’ एवढंच. अर्धं मिनिटही होत नाही. त्यानंतर ते फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात टाकतात आणि आपल्या कामाला लागतात. बंद करत नाहीत.

मग तू ठेवायचा होतास, असं तू म्हणणार. दादा, तू आबांच्या शाळेत माझ्या चार वर्षं पुढे होतास, तुला तरी हे विचारायचं कारण नाही. मास्तर वर्गाबाहेर गेल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही, हा नियम आबांनी तिसरीत घालून दिला आणि घरीही तोच चालवला. तुला आठवतं, ते एकदा घंटा झाल्यावर खुर्चीतच पेंगले आणि आख्खा वर्ग दिवेलागणीपर्यंत बसून राहिला होता? मी त्या वर्गात होतो. आता माझे केस पिकले, हाताखाली सहा माणसं आहेत, पण आबा फोनवर असताना माझा अंगठा त्या लाल बटणाकडे वळत नाही. दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा आपण त्यांच्याकडे पाठ फिरवून निघालो आहोत असं वाटलं आणि अंगठा मागे घेतला.

शिवाय गंमत बघ, मी इथे आलोय ते बाटल्यांना बुचं बसवणारं यंत्र उभं करायला. आमचं यंत्र मिनिटाला दोनशे बाटल्यांची तोंडं बंद करतं. मला एक फोन बंद करता येईना. पहिले दोन दिवस मी जेवणाचा डबा बाजूला ठेवून, फोन कानाला लावून, खाली मान घालून उभा राहिलो. इथली फोरमनबाई आडदांड पण मायाळू आहे. तिला वाटलं माझ्या घरी कुणीतरी गेलं. तिने खुर्ची आणून दिली, सगळ्या कामगारांनी टोप्या काढल्या. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी. मीही उठून सगळ्यांना हात जोडले, त्यामुळे त्यांची खात्रीच पटली. तिसऱ्या दिवसापासून मी फोनचा आवाज मोठा करून तो हत्यारांच्या पेटीवर ठेवू लागलो आणि शेजारी बसून काम करू लागलो. एकदा पलीकडे तुझ्या पोरांनी अंगणात दंगा मांडला असावा. आबा खच्चून ओरडले, ‘गप्प बसा!’ आणि दादा, खोटं सांगत नाही, आमचा सगळा विभाग गप्प झाला. एकाने तर चालू पट्टा थांबवला. मास्तरकीचा आवाज आहे तो, त्याला दुभाष्या लागत नाही.

पण खरं सांगू? चौथ्या दिवसापासून मला ठेवावंसंच वाटेना. खिशात फोन छातीला लागून असतो. बाकी घर शांत असलं की आबांचा श्वास ऐकू येतो. सकाळी हात जोडून देवापुढे बसतात तेव्हा ते पुटपुटतात, आणि त्यात आपली दोघांची नावं असतात, आधी तुझं, मग माझं. इतकी वर्षं आपण त्यांच्या मागे बसून नमस्कार करत आलो आणि हे कधी ऐकू आलं नाही. ते ऐकायला मला परदेशी येऊन मिनिटाचे पैसे मोजावे लागले. महाग पडलं असं मला तरी म्हणवत नाही.

आता मुख्य गोष्ट. गेल्या रविवारी आबांचा फोन असाच खिशात चालू होता आणि न्हावी दाढी करायला आला. (तोही आबांचाच विद्यार्थी. अजून त्यांच्यासमोर उकिडवाच बसतो.) तो म्हणाला, ‘मास्तर, डोळ्याचं उरकून घ्या की. थोरला रोज मागे लागतो तुमच्या.’ आबा म्हणाले, ‘लागू दे. तू वस्तरा बघ.’ वस्तरा खरखरू लागला. मग आबाच बोलले, अगदी हळू. ‘पट्टी बांधली की काही दिसणार नाही. मग घरात कोण कुठे आहे हे आवाजावरून ओळखायचं. एक आवाज कमी असला तर माझं मन लागायचं नाही रे. धाकटा येऊ दे.’

‘मग सांगा की तसं त्याला!’

‘सांगितलं तर हातातलं काम टाकून येईल. मूर्ख आहे तो.’

(मूर्ख हा शब्द मी आजवर त्यांच्याकडून शेकडो वेळा ऐकला. त्या दिवशी पहिल्यांदा तो ऐकून मला स्क्रू दिसेनासा झाला.) पुढे आबांनी खिशातून फोन काढला असावा. म्हणाले, ‘हा बंद झाला का बघ जरा. मला हिरवं नि लाल सारखंच दिसतं. थोरल्याला बोलू नकोस.’ न्हावी म्हणाला, ‘अहो मास्तर, हा तर...’ आणि साबणाच्या हाताने त्याने तो बंद केला.

तेव्हा दादा, ते बटण विसरत नव्हते. त्यांना ते दिसतच नव्हतं. आपण समजतो त्यापेक्षा त्यांची नजर बरीच गेली आहे, आणि ते नकार देत नाहीत, वाट बघतायत.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. फोन कंपनीने परवापासून माझं कार्ड बंदच केलंय, त्यामुळे तू निश्चिंत राहा.

तुझा,
धाकटा

ता. क. सोमवारी जा, पण नंबर रद्द करू नकोस, पुढे ढकलून घे. मी पंचवीस तारखेला पोचतो, सव्वीसच्या पुढची कुठलीही तारीख माग. आबांना एवढंच सांग, की डॉक्टरांनी हीच तारीख दिली. हे खोटं बोलणं नाही. डॉक्टरांच्या तोंडून तारीख घेतल्याशिवाय उठू नकोस, म्हणजे ते खरंच होईल. मी देवालाही हे नीट समजावून सांगितलं आहे.

ता. क. दुसरा. तू म्हणशील, मी का डॉक्टरांच्या मिनतवाऱ्या करू? बिलाच्या तिसऱ्या पानावरचा सगळ्यात लांब फोन काढ आणि नंबर बघ. तो आबांचा नाही, तुझा आहे. तू ‘चल, ठेवतो’ म्हणालास आणि ठेवला नाहीस, आणि वडील भाऊ असल्यामुळे मीही ठेवला नाही. डॉक्टरांनी तुझी साखर बंद केल्याला वर्ष झालं. चहाच्या गाड्यावर तू त्या दिवशी कसा चहा मागितलास, आणि दुसऱ्यांदा कसा मागितलास, ते मी ऐकलं आहे. वहिनींपर्यंत ते जाणार नाही. सव्वीसच्या पुढची तारीख.

ता. क. तिसरा. पट्टी असेपर्यंत मी रजा काढून तुझ्याकडेच राहीन आणि दिवसभर काही ना काही बडबडत बसेन, मोठ्याने आणि फुकट. पट्टी निघाली की शेजारच्या खोलीत जाऊन बसेन. आबांनी मला तिथे फोन करावा, जेवलास का विचारावं, ‘बरं, देव आहे’ म्हणावं, आणि लाल बटण स्वतः शोधून माझ्या तोंडावर फोन ठेवावा. तेवढं ऐकलं, की मी जागचा उठेन.