लियू सिक्कीमचा नव्हे

जे. पी. नगर, बेंगळूरु
८ जुलै २०२४

तीर्थरूप महानंदाअक्कास,
धाकट्या प्रवीणकुमारचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की भिंतीपलीकडे ऐकू जातं, म्हणून पत्र. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आपल्या दिव्यांच्या कारखान्यातलं मुख्य मशीन तीन आठवडे बंद आहे. चाळीस बायका घरी बसल्यात. इथल्या इंजिनिअरांनी हात टेकले. मशीन चिनी. तिकडची कंपनी माणूस पाठवायला तयार आहे, पण सीमेवर बिनसल्यापासून त्यांना व्हिसा लवकर मिळत नाही. दामोदरदाजींची दिल्लीत ओळख आहे ना? एखादा शब्द टाकायला सांग. कुणाला बोलू मात्र नकोस. मी इथल्या चिनी माल बहिष्कार समितीचा अध्यक्ष आहे.

लोभ ठेव, हसू नकोस.
प्रवीणकुमार

निपाणी
१५ जुलै २०२४

चि. प्रवीणकुमार यास
अनेक आशीर्वाद.

आधी हसले, मग काळजी वाटली, मग पुन्हा हसले. गेल्या दिवाळीत माझ्या नातीची दिव्यांची माळ चिनी म्हणून तू कात्रीनं कापलीस. पोर दोन दिवस रडत होती. तुझ्या मशीनला कात्री पुरत नाही वाटतं?

ह्यांनी दिल्लीला फोन केला. कागद नीट असतील तर महिन्यात व्हिसा होईल म्हणाले. निमंत्रणपत्रावर सही मात्र अध्यक्षमहाशयांचीच लागेल. माणूस आला की घरीच उतरव. तुझ्या शिवलीलाला म्हणावं, तिखट बेतानं घाल. चाळीस चुली त्याच्या हातात आहेत.

माया आहे, म्हणून बोलते.
महानंदा

जे. पी. नगर, बेंगळूरु
२ सप्टेंबर २०२४

तीर्थरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

चिनी कंपनीचा माणूस, लियू, आला आणि दीड दिवसात मशीन सुरू झालं. बायका कामावर आल्या. एकीनं त्याला मोगऱ्याचा गजरा दिला, तो त्यानं जपून खिशात ठेवला.

शेजाऱ्यांना मी तो सिक्कीमचा असल्याचं सांगितलं. कुणी एकही प्रश्न विचारला नाही, इतकंच आम्हाला सिक्कीम ठाऊक, याचीही लाज वाटली. रविवारी समितीच्या सभेत या पाहुण्याला पहिल्या रांगेत बसवलं. मी चिनी मालाविरुद्ध अर्धा तास बोललो. एक अक्षर न कळता सगळ्यात जोरात टाळ्या त्यानंच वाजवल्या.

तेवढ्यात शिवलीला उठली. हा माणूस चीनचा आहे, यानं चाळीस जणींचं काम परत दिलं आणि माझ्या नवऱ्याला ते सांगायची लाज वाटते, असं तिनं कन्नडमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. मी राजीनामा देतो म्हणालो.

राजीनामा कुणी घेतलाच नाही. चहाच्या वेळी सेक्रेटरी नंदकिशोर लियूला हळूच कोपऱ्यात घेऊन गेले. त्यांच्या छापखान्यातलं मशीनही तिकडचंच, महिनाभर बंद आहे म्हणे. त्यांच्यामागं समितीचे आणखी चौघे रांगेत उभे होते.

ओरडून झालं की लोभ असू दे.
प्रवीणकुमार