क्लच कोणी जाळला

१२ जानेवारी, सोमवार

घसरतोय! पारोळ्याच्या पुढे ट्रकला ओव्हरटेक करायला चौथ्या गिअरमध्ये रेस दिली — काटा साडेचार हजारांवर, गाडी आहे तिथेच. मग वास. करपल्याचा.

सतरा वर्षांची ऑक्टाव्हिया आरएस. घेऊन दीडच वर्ष झालं. पॉलिटेक्निकमध्ये मी पोरांना क्लच शिकवते, आणि माझाच जळाला!

१३ जानेवारी, मंगळवार

शोरूमवाल्यांनी पंचाण्णव हजार सांगितले, क्लचला लागून असलेल्या फ्लायव्हीलच्या चाकासकट. वर हसून म्हणे, "लेडीज ड्रायव्हिंगमध्ये होतं असं, मॅडम. पाय क्लचवरच राहतो." तिथल्या तिथे बोलायला हवं होतं.

आबा म्हणाले, "विकून टाक." एसटीत एकतीस वर्षं ड्रायव्हर, एकही अपघात नाही. लेकीला गाडी शिकवली ती त्यांनीच. मी कॉलेजात असते तेव्हा बाजार, बँक, सगळीकडे हीच गाडी नेतात. आणि म्हणे विकून टाक!

१६ जानेवारी, शुक्रवार

'पाय क्लचवरच राहतो' डोक्यातून जाईना. शेवटी मोबाइल सीटखाली चिकटवला, व्हिडिओ चालू केला आणि मेहरूण तलावाला दोन फेऱ्या मारल्या. घरी येऊन सगळा पाहिला. गिअर बदलला की माझा पाय क्लचवरून उतरून खाली. प्रत्येक वेळी!

आधीच्या मालकाचंच काम असणार.

१८ जानेवारी, रविवार

आबांच्या एसटी वर्कशॉपमधले लोटनभाऊ — रिटायर झाल्यावर धुळ्याला, देवपूरमध्ये गॅरेज टाकलंय. फोन केला. "पार्ट तुम्ही आणा, मजुरी माझी. फ्लायव्हील उघडल्यावर बघू. उगाच कशाला बदलायचं?"

क्लचचा सेट पुण्याहून मागवला. सव्वीस हजार. चाळीसच्या आत बसायला हवं, त्यापुढे माझी ऐपत नाही.

२२ जानेवारी

पार्सल आलं. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग. तिन्ही ठीक.

२४ जानेवारी, शनिवार

धुळ्यापर्यंत बैलगाडीच्या वेगाने. आबा सोबत. दुपारी गिअरबॉक्स खाली आला. लोटनभाऊंनी प्लेट हातात घेतली आणि आबांना म्हणाले, "आधारभाऊ, बठ्ठी जयी गई." सगळी जळून गेलेली — काळी ठिक्कर, काठ चकचकीत. मग बेअरिंग बोटाने फिरवून दाखवलं — खरखर, खरखर. "गाडी पळवून असं होत नाही, मॅडम. हे सारखं दाबात फिरलंय. कोणीतरी पाय ठेवून चालवतंय. नवं बसवलं आणि पाय हाच राहिला, तर वर्षभरात परत याल."

मी म्हणाले, आधीच्या मालकाचं असेल. ते म्हणाले, "मग दीड वर्ष टिकलं नसतं."

आबा स्टुलावर बसले होते. म्हणाले, "तिलाच सवय लागली असेल."

लोटनभाऊंच्या समोर! मी व्हिडिओ काढून पुढे धरला. आबा म्हणे, चष्मा नाही.

एक बरं झालं — फ्लायव्हील चांगलं निघालं. लोटनभाऊंनी दोन्ही बाजूंना फिरवून खेळ मोजला. "चालंल." साठेक हजार वाचले!

रात्री त्यांच्याकडेच मुक्काम. वहिनींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा केला.  

२५ जानेवारी, रविवार

प्लेट मी स्वतः बसवली. मध्यावर आणायची दांडी घालून, बोल्ट आडवेतिडवे थोडे थोडे आवळत, पुस्तकात आहे तसं. लोटनभाऊ फक्त बघत होते. शेवटी पाना घेऊन प्रत्येक बोल्ट तपासला आणि म्हणाले, "पोरांना शिकवता येतं तुम्हाला." एवढंच. पण दिवसभर पुरलं.

२६ जानेवारी, सोमवार

एकूण सदतीस हजार. परत येताना मीच चालवली. काय गाडी आहे! तिसऱ्यात नुसता पाय टेकवला तरी सीटला पाठ चिकटते.  एरंडोलला चहा घेतला. तिथे आबा म्हणाले, "लोटनसमोर तसं बोलायला नको होतं, बाई."

मी म्हणाले, "पण तुम्हाला तसंच वाटतं."

"मग अजून कोणाचा पाय असणार?"

मी चहाचे पैसे दिले आणि गाडी काढली.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळी आबांनी कॉलेजला सोडलं. ते चालवतात तेव्हा मी शेजारी बसायची वेळ कित्येक महिन्यांत आली नव्हती. रस्ता मोकळा, गाडी चौथ्यात — आणि त्यांचा डावा पाय क्लचवर.

"आबा, पाय!"

"खालीच आहे."

"क्लचवर आहे. बघा."

त्यांनी पाहिलं. गाडी बाजूला घेतली, बंद केली. समोर बघत बसले. मी म्हणाले, "पायाला कळतंय का? चिमटा काढून बघते." आणि पोटरीला काढला. जोरात.

"काढ ना चिमटा," आबा समोर बघतच म्हणाले.