शेड क्रमांक चौदाचे कुलूप न तोडण्याबाबत

दिनांक : १७ जानेवारी, शनिवार

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
कुक्कुट आरोग्य व प्रशिक्षण कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडची खोली.

विषय : येत्या सोमवारी शेड क्रमांक चौदाचे कुलूप तोडून आत प्रशिक्षण देण्याचा आदेश रद्द करणेबाबत, ते शक्य नसल्यास खालीलपैकी जे शक्य असेल ते करणेबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक, ‘प्रत्यक्ष शेडमध्ये प्रशिक्षण’.
२) आपला दि. १५ जानेवारीचा पथक-आदेश.
३) माझा स्वतःचा दि. ८ जानेवारीचा शेरा, जो मला मागे घ्यायचा आहे आणि घेता येत नाही.

महोदय,

१. मी आपल्या कार्यालयाचा क्षेत्र प्रशिक्षक आहे. कोंबड्या पाळणाऱ्यांना बर्ड फ्लूपासून आपले शेड कसे वाचवावे हे शिकवणे, एवढेच माझे काम. आधी सात वर्षे लसटोचक होतो, गेली चार वर्षे शिकवतो. हे कोंबडीपालक मला ‘मास्तर’ म्हणतात. माझा धडा सोपा आहे आणि मला तो झोपेतही म्हणता येतो : बाहेरच्या माणसाला शेडमध्ये घेऊ नका. आत जायची चप्पल वेगळी ठेवा. दारात जंतुनाशकाचा टब ठेवा आणि त्यात पाय बुडवल्याशिवाय स्वतःसुद्धा आत जाऊ नका. रानपाखरे येऊ नयेत म्हणून जाळी लावा. कोंबडी सुस्त दिसली तर विकू नका, लपवू नका, कळवा. हे पाच मुद्दे आपल्या कार्यालयाच्या पोस्टरवरही आहेत. पोस्टरवर आपले छायाचित्र आहे आणि त्याखाली आपला संदेश आहे : ‘बाहेरचा पाय आत नको.’

२. परिपत्रकानुसार प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणजे एक फोटो. त्यात प्रशिक्षक शेडच्या आत, पालकाशेजारी उभा दिसला पाहिजे आणि मागे पक्षी स्पष्ट दिसले पाहिजेत. दिवसाला चार शेडचे उद्दिष्ट आहे. म्हणजे बाहेरचा पाय आत नको हे शिकवायला मी रोज चार शेडमध्ये बाहेरचा पाय घेऊन जातो. हे माझ्या चार वर्षांत लक्षात आले नाही असे म्हणणार नाही. लक्षात आले होते. पण परिपत्रकावर सही आपली होती आणि मी म्हटले, मोठ्या लोकांनी काहीतरी विचार केला असेल.

३. पायांसाठी मला बुटांवरून चढवायच्या प्लास्टिकच्या मोज्यांची एक जोडी मिळते. ती एकदा वापरून टाकून द्यायची असते, असे तिच्या पाकिटावरच छापलेले आहे. परंतु आपल्या भांडाराचा नियम असा की जुनी जोडी जमा केल्याशिवाय नवी मिळत नाही आणि भांडारपाल फक्त मंगळवारी असतात. त्यामुळे टाकून द्यायची जोडी मी टाकून देत नाही. जपून ठेवतो. मंगळवार ते मंगळवार एकच जोडी, वीस शेड. हरवली तर ‘शासकीय साहित्य हरवल्याचा’ खुलासा लिहावा लागतो. एकदा लिहिला आहे.

४. आता दि. ८ जानेवारी, गुरुवार. त्या दिवशी शेड क्रमांक अकरा, बारा, तेरा आणि चौदा अशी माझी फेरी होती.

अकरामध्ये दाढीवाले काका असतात. त्यांनी मला सांगितले, “मास्तर, दोन कोंबड्या सकाळपासून मान टाकून बसल्यात. थंडी असेल.” मी म्हटले, कळवायला पाहिजे. ते म्हणाले, “कळवू की. आधी फोटो काढा, माझं खाद्य यायचंय.” मी फोटो काढला. पक्षी स्पष्ट दिसावेत म्हणून त्या दोनपैकी एक मी हातात धरली होती. तो फोटो आपल्याकडे आहे आणि त्यावर ‘उत्कृष्ट’ असा शेरा आहे. मग मी हात धुतले, मोजे काढून पिशवीत ठेवले आणि बाराच्या दारात तेच मोजे पुन्हा चढवले. बारा क्रमांक दोघी जावांचे आहे. तेरा निवृत्त ड्रायव्हरचे. दोन्हीकडे मी धडा नीट शिकवला. धाकटीने तर मला पाचही मुद्दे न चुकता म्हणून दाखवले आणि मी तिचे कौतुक करीत तिच्या कोंबड्यांमधून चालत गेलो.

५. चौदा क्रमांक माझ्या थोरल्या बहिणीचे आहे. ही गोष्ट मी आपल्यापासून कधी लपवली नाही, पण मोठ्याने सांगितलीही नाही. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. प्रशिक्षक झालो तेव्हा पहिला धडा मी तिच्यासमोर म्हणून बघितला होता. ती भाजी निवडत होती, मान खाली. मला वाटले ऐकत नाही. तिने सगळे ऐकले होते.

त्या गुरुवारी तिने मला गेटापाशीच थांबवले. गेटावर आपले पोस्टर, त्याखाली कुलूप. तिने आतून विचारले, “आधी कुठं कुठं जाऊन आलास?” मी सांगितले, तीन शेड. ती म्हणाली, “मग आज नको. घरी जा, आंघोळ कर, कपडे उकळत्या पाण्यात टाक. पुढच्या आठवड्यात ये, आणि तेव्हाही गेटापाशीच उभा राहा.” मी म्हटले, ताई, फोटो लागतो गं. तिने जाळीतून फोटो काढायची तयारी दाखवली. ती आत उभी राहील, मी बाहेर. मी दोनदा प्रयत्न केला, परंतु फोटोत जाळीच स्पष्ट येत होती आणि पक्षी अस्पष्ट.

महोदय, माझ्या विद्यार्थ्यांपैकी माझा धडा शब्दशः पाळणारी ती पहिली व्यक्ती होती. मी तिची पाठ थोपटायला हवी होती. मी चिडलो. चार शेडचे उद्दिष्ट तीनवर अडकले होते. मी तिला म्हटले, “तुझ्या पायी माझी नोकरी जाईल.” मी रस्त्यावर उभा राहूनच मोबाइलवर शेरा भरला : ‘पालकाने प्रवेश नाकारला. प्रशिक्षण अपूर्ण. सहकार्य नाही.’ हा शेरा माझा आहे. तो रागाने लिहिलेला आहे. पुढचे सगळे त्यातून निघाले.

६. शनिवारी अकरामधल्या कोंबड्या मरायला लागल्या. सोमवारी तपासणीचा अहवाल आला : बर्ड फ्लू. मंगळवारपर्यंत बारा आणि तेरामध्येही तेच. बुधवारी तिन्ही शेड रिकामी करण्यात आली, आपण स्वतः हजर होता. मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. धाकट्या जावेने मला बघितले आणि विचारले, “मास्तर, आमचं काय चुकलं? आम्ही तर सगळं केलं होतं.” माझ्या पिशवीत ती मोज्यांची जोडी होती.

रोग त्या मोज्यांतूनच गेला असे मी शपथेवर सांगू शकत नाही. रानपाखरातून गेला असेल, खाद्याच्या गाडीतून गेला असेल. नाही असेही मला सांगता येत नाही. मला एवढेच माहीत आहे की त्या गुरुवारी मी तीन शेडच्या आत गेलो आणि ती तिन्ही आज रिकामी आहेत. चौथ्यात मला घेतले नाही. तिथे आज सहाशे चाळीस पक्षी जिवंत आहेत आणि अंडी देत आहेत.

आणखी एक. त्याच मंगळवारी मी भांडाराच्या खिडकीतून पाहिले. भांडारपाल जमा झालेल्या जोड्या बादलीत खळबळून दोरीवर वाळत घालत होते. म्हणजे मला दर मंगळवारी नवी म्हणून मिळणारी जोडी कोणाची होती, हे मी विचारले नाही. विचारण्याचे धाडस झाले नाही. माझी जोडी मी जमा केली नाही.

७. ताईने आता स्वतःला आत कोंडून घेतले आहे. अंड्यांचे ट्रे ती गेटाबाहेर ठेवते, व्यापारी ते घेऊन जातो आणि रिकामे ट्रे ती परत आत घेत नाही. खाद्याची पोती दोन दिवस उन्हात पडून राहतात, मग ती वरून फवारून आत ओढते. भाऊजी खाद्याची गाडी चालवतात, चार शेडची धूळ त्यांच्या टायरला असते, म्हणून तिने नवऱ्यालाही बाहेर काढले आहे. ते गेले आठ दिवस माझ्याकडे मुक्कामी आहेत. रोज सकाळी चहा घेताना ते मला विचारतात, “मास्तर, हा तुमचा धडा किती दिवसांचा असतो?” गमतीने विचारतात, पण त्यांची दाढी वाढली आहे आणि डोळे लाल असतात. आज सकाळपर्यंत मीही तिकडे फिरकलो नव्हतो. मी तिच्या दृष्टीने बाहेरचा पाय आहे आणि त्यात तिची काहीही चूक नाही.

८. आता संदर्भ क्रमांक दोन. आपल्या यादीत अकरा, बारा आणि तेरा ही ‘प्रशिक्षित’ आहेत, कारण त्यांचे फोटो आहेत. चौदा ‘अप्रशिक्षित व असहकारी’ आहे. म्हणून आदेश निघाला आहे की सोमवारी सात जणांच्या पथकाने एका जीपमधून निघून प्रथम अकरा, बारा, तेरा येथे साफसफाईची खात्री करावी, त्यानंतर चौदा येथे जाऊन कुलूप तोडावे, आत प्रवेश करून पालकास प्रशिक्षण द्यावे व फोटो काढावा. वाट दाखवण्यासाठी व कुलूप तोडण्यासाठी माझी नेमणूक झाली आहे. गेटावरचे पोस्टर ‘शासकीय कामात अडथळा’ म्हणून जप्त करायचे आहे.

महोदय, पोस्टर आपलेच आहे.

९. मी आस्थापना लिपिकांना भेटलो. त्यांना म्हटले, शेरा माझा आहे, मला तो मागे घेऊ द्या. ते भले गृहस्थ आहेत, त्यांनी खुर्ची दिली. ते म्हणाले, “एकदा भरलेला शेरा उघडत नाही. प्रशिक्षण पूर्ण झाल्याचा फोटो जोडा, आपोआप बदलेल.” मी म्हटले, फोटोसाठी आत जावे लागेल आणि आत कोणी जाऊ नये म्हणूनच तर शेरा बदलायचा आहे. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “मग सोमवारी पथक जातंय ना, तेव्हा काढून घ्या.” मी हात टेकले आणि हा अर्ज लिहायला बसलो.

१०. सबब, माझी विनंती अशी की सोमवारचा आदेश रद्द करावा.

रद्द करणे शक्य नसल्यास क्रम बदलावा. पथकाने सकाळी प्रथम चौदा येथे जावे, आंघोळ केलेल्या अंगाने, धुतलेल्या कपड्यांत, आणि मग इतरत्र. क्रमांकांचा क्रम मोडता येत नसेल तर चौदासाठी दुसरा दिवस द्यावा.

दुसरा दिवस नसेल तर सात जणांऐवजी एकाने जावे. एक शक्य नसेल तर साती जणांना न वापरलेले मोजे द्यावेत, भांडारातले नकोत, मी माझ्या पदरचे आणून देतो.

तेही नसेल तर जीप गेटापर्यंत आणू नये. कोपऱ्यावर थांबवावी.

तेही नसेल तर पथकाने गेटाबाहेरून ताईला पाच प्रश्न विचारावेत. ती पाचही मुद्दे सांगेल. तिला सहावाही माहीत आहे, जो आपल्या पोस्टरवर नाही : शिकवायला आलेल्यालाही आत घेऊ नका.

यातले काहीच होत नसेल तर कुलूप तोडण्याचे काम निदान माझ्याकडून काढून घ्यावे. मी नाही म्हणू शकणार नाही. मला माझा स्वभाव माहीत आहे. आदेश हातात असला की माझे पाय आपोआप चालतात, गुरुवारीही चालले होते. म्हणून आपणच नाही म्हणावे.

११. आदेशाबद्दल मी काल ताईला फोनवर सांगितले. शेराही मीच लिहिला, हेही सांगितले. मला वाटले ती रडेल किंवा मला बोलेल. तिने एवढेच विचारले, “किती जण आहेत?” मी म्हटले, सात. माझ्यासकट. ती म्हणाली, “मग माझा टब लहान पडेल. एक मोठा घेऊन ये. गेटाबाहेर ठेव आणि मागं फिर, थांबू नकोस.” मी आज सकाळी टब नेऊन ठेवला आणि मागे फिरलो. कोपऱ्यावरून वळून पाहिले, तर ती तो टब आत न घेता बाहेरच फवारत होती. तिने हात केला. मीही केला. आतून कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत होता आणि तो ऐकून मला रस्त्यातच रडू आले.

सोमवारी दहाच्या आत आपले उत्तर यावे. दहा वाजता जीप निघते आणि पुढच्या सीटवर मी असतो.

आपला नम्र, आणि आपल्या आदेशापुढे फार वर्षे नम्र राहिलेला,

(सही)
क्षेत्र प्रशिक्षक

सोबत :
१) दि. ८ जानेवारीचे तीन फोटो (‘उत्कृष्ट’, ‘उत्तम’, ‘उत्तम’).
२) त्याच दिवशीचा चौथा फोटो, जाळीतून काढलेला. पक्षी अस्पष्ट आहेत, परंतु हलल्यामुळे.
३) आपले पोस्टर, एक प्रत.
४) प्लास्टिकच्या मोज्यांची एक जोडी, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. कृपया उघडू नये, भांडारात जमा करू नये, धुऊन कोणालाही देऊ नये. जाळून टाकावी व तसे मला कळवावे.