इंजिनाला विभूती

दुबलगुंडी,
वैशाख, १९४८

प्रिय अक्का,

शरणु शरणार्थी. तुझा निरोप पोचला. 'सगळ्यांना घेऊन सोलापूरला नीघ, मागचापुढचा विचार करू नकोस' असं कळवलंस. विचार करायला इथं डोकं ठिकाणावर आहे कुणाचं! अंगणात भांडं पडलं तरी माझ्या छातीत धस्स होतं. हुमनाबादच्या वाटेवर धुरळा दिसला की रझाकारांची लॉरीच आली, असं वाटून पोरांना कडब्यामागे लपवते. मग कुणाची तरी बैलगाडी निघते आणि मला रडू फुटतं. लहानपणी चिंचेवरच्या भुताला दगड मारणारी नीलू ती हीच का, असं तू म्हणशील. खरं सांगू, मला फार भीती वाटते गं.

आम्हाला आधार एकच, यांची जुनी फोर्ड. मोटारी उचलून नेल्याच्या बातम्या यायला लागल्या तशी ती मागच्या खोपीत कडब्याखाली झाकून ठेवली. आणि नेमकी आत्ताच तिला तहान लागली! रेडिएटर गळ्यापर्यंत भरावा, तर थोडी चालली की टाकी अर्धी. बरं, जमिनीवर थेंब नाही. 'पानी कुटं जायलंय तेच कळंना,' म्हणत हे तिच्याखाली उताणे पडून असायचे. इंजिनाच्या आतच कुठं फुटलं असेल तर सगळंच संपलं, तेल पांढरट होतं म्हणे. यांनी तेलाची कांडी ओढून बाहेर काढली तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. तेल काळंच निघालं. काळं तेल बघून देवाला हात जोडणारी बाई तू पाहिली नसशील.

रबरी नळ्या आवळून झाल्या, तरी पाणी जातच होतं. मिस्त्रीनं यांना एकदा सांगितलं होतं, अंड्याचा पांढरा बलक टाकला की बारीक भोक बुजतं. ते आमच्या मामंजींच्या कानावर होतं. पण आपल्या लिंगवंताच्या घरात अंडं कुठलं यायला? मामंजींनी कुणाला न विचारता ओंजळभर ज्वारीचं पीठ ओतलं. इंजिन तापलं, पीठ शिजलं, नळ्या तुंबल्या आणि खोपभर वाफ झाली. गार झाल्यावर खालची तोटी सोडली तर आंबील बाहेर आली! मीठ आणि ताक तेवढं घालायचं राहिलं होतं. मी हसले, पण मामंजींचं तोंड बघून गप्प बसले. चांगलं पाणी वरून ओतून ओतून टाकी धुतली.

गाडी चालू करून बघायची तीसुद्धा चोरून. शेजारी गुरप्पाची पिठाची चक्की आहे. ती धडधडायला लागली की तिच्या आवाजात आमचं इंजिन सुरू करायचं. आज दुपारी थोरली चन्नव्वा खेळून आली, तिच्या कपाळावरची विभूती घामानं भिजून काळपट झाली होती. ते बघून माझ्या मनात आलं, गळती हीच दाखवील. इंजिन कोरडं पुसून विभूती फासू या, असं मी म्हटलं तर मामंजी आधी भडकले. मग स्वतःच देवघरातून विभूतीचा गोळा आणून कुटायला बसले. म्हणाले, 'लेकरांसाठी लागायलीय, म्हंजी देवालाच लागली.'

पांढरंशुभ्र इंजिन सुरू झालं. आम्ही वाकून बघत होतो आणि अचानक चक्की बंद पडली. अक्का, साऱ्या गावात आमच्या एकट्या गाडीचा आवाज! यांचा हात बंद करायला पुढं गेला आणि मी तो धरला. पंख्यामागं जिथं पाण्याचा पंप फिरतो, तिथल्या विभूतीवर एक काळी रेघ उतरत होती. पाणी तिथून झिरपत होतं आणि तापलेल्या लोखंडावरच उडून जात होतं. मग गाडी बंद केली.

पंपाच्या दांड्याभोवती पाणी अडवायला गुंडाळलेली दोरी जळून गेली होती. नवी आणायला हुमनाबादला जायची कुणाची छाती? देवापुढच्या समईसाठी वळते तशीच मी कापसाची घट्ट वात वळली, वंगणात भिजवली, आणि यांनी ती दांड्याभोवती गुंडाळून वरचं नट आवळलं. तिन्हीसांजेला गुरप्पा आला. आता हा काय विचारतो म्हणून मी पोरांना आत पिटाळलं. 'चक्कीचा पट्टा निसटला व्हता, वैनी. उद्या दुपारपत्तर थांबवत न्हाई बघा मी,' एवढं बोलून गेला.

तेव्हा उद्या सकाळी चक्की सुरू झाली की गाडी निघेल. गळती कमी झाली, थांबली नाही. दर थोड्या वेळानं पाणी ओतावं लागेल आणि वाटेत कुठल्याही विहिरीवर उतरायची सोय नाही, म्हणून पाणी बरोबरच न्यायचं. गाडीत मोठी माणसं तीनच मावतात, पोरं मांडीवर. गाडी हे चालवणार. नणंद लक्ष्मम्मा सोळा वर्षांची आहे, तिला इथं ठेवणं नको. मामंजी घर सोडायला तयार नाहीत, आणि त्यांच्याजवळ कुणीतरी हवंच, असं मी यांना पटवलं. दुसऱ्या खेपेला तुला नेतो, असं हे म्हणतात. ती वात माझ्या हातची आहे, किती टिकेल ते मला ठाऊक आहे. हे पत्र चन्नव्वाच्या परकराच्या नेफ्यात शिवते आहे. तिला अंधारात झोप येत नाही, दिवा राहू दे. धाकट्याला भात कालवून भरव, तो आई म्हणेल तेव्हा तू ओ दे. आणि अक्का, गाडी दारात आली की तू धावत येशील, तेव्हा मला शोधू नकोस. माझ्या जागेवर पाण्याचे डबे असतील.

तुझीच,
नीलू