लग्नात पाणी सोडल्याचा क्लेम

ती. मामांस,

साष्टांग नमस्कार. इकडे सगळे ठीक. आईची सर्दी गेली. बाबांचा कोट मात्र दोन इंचांनी आखडला आहे (मोजला). तुमचा गुडघा कसा आहे? तीन आठवडे तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून एवढं विचारायलाही तिकीट लावावं लागतंय.

विषय क्लेमचा. लग्न रद्द झालं किंवा मध्येच थांबलं तर भरपाई देणारी पॉलिसी मी काढली, तेव्हा आई म्हणाली होती, "हिचा नवऱ्यापेक्षा विम्यावर भरवसा!" (आता म्हणत नाही.) या पॉलिसीत अपघाताने झालेलं नुकसान भरून मिळतं, मुद्दाम केलेलं मिळत नाही. त्यामुळे विमा कंपनीच्या सर्व्हेअरना एकच गोष्ट हवी होती : आग नसताना मंचावर पाणी सोडणारी कळ कुणी ओढली, आणि का, म्हणजे सह्यांच्या अर्धा तास आधी वऱ्हाड, फुलं आणि नोंदणी अधिकाऱ्यांचं रजिस्टर हे सगळं एकाच वेळी कसं भिजलं.

मी अर्जात लिहिलं, 'अनवधानाने'. तेवढ्यात तुमचा स्वतंत्र जबाब पोचला. तीन पानं, आकृतीसह. 'चाळीस वर्षं अग्निशमन दलात काढलेला माणूस अनवधानाने कळ ओढत नाही. मी पूर्ण शुद्धीत, तपासणीसाठी ओढली. पाणी चार सेकंदांत आलं. यंत्रणा उत्तम आहे.' सर्व्हेअर वाचून म्हणाले, "ताई, मामा नक्की कुणाच्या बाजूने?"

मग मी त्यांना सगळं समजावलं (दीड तास, पाण्याच्या दाबाचं गणित त्यांनी मागितलं नव्हतं). आपल्या घरात एकाने लावलेलं कुलूप दुसरा ओढून बघतो, आणि तिसरा त्याला "नीट ओढलंस ना?" विचारतो. लग्नाचा हॉल सुटणार कसा? मुख्य झडप बंद करून कळ ओढली तर नुसती घंटा वाजते. झडप बंद करायचं काम माझं होतं. तुम्ही दाराबाहेरून विचारलंत, "बंद केलीस ना गं?" आणि मी आरशासमोरून, केसांत सहा पिना असताना, "हो" म्हटलं. केली नव्हती. तुमच्या तीन पानांत हे कुठेच नाही. आकृतीत झडप आहे, मी नाही.

सोबत सुधारित जबाब जोडला आहे, त्यात झडपेशेजारी मीही आहे. सोमवारपर्यंत सही करून पाठवावा.

तुमची भाची

ता. क. सही नको. क्लेम काल नामंजूर झाला. कारण : 'पॉलिसीधारकाचा निष्काळजीपणा'. शिक्क्यानिशी आलंय. त्यात तुमचा उल्लेख नाही. आईने ते शेजाऱ्यांनाही वाचून दाखवलं.

ता. क. २. लग्न बारा तारखेला, सकाळी अकरा, नोंदणी कार्यालयात. नवरदेवाच्या बाजूचे दोन साक्षीदार ठरले. माझ्या बाजूच्या रकान्यात तुमचं नाव मी न विचारता लिहिलं आहे. तुम्ही आला नाहीत तर तारीख पुढे ढकलेन, दुसरं कुणी मला नको. (हे वाक्य दोनदा खोडलं. आता राहू दे.)