गाडीकडे कोण बघणार?

चि. ठकूस,

अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार (वयाने लहान असले तरी जावई म्हटल्यावर करावा लागतो), आणि तुमच्या वरच्या मजल्यावरच्या त्या ढोलकं बडवणाऱ्यालाही, अजून राहत असेल तर. तुझी पाठ कशी आहे? ऑफिसातली खुर्ची बदलून घेतलीस का? माझी तब्येत उत्तम. गुडघा कुरकुरतो, पण मी त्याच्याकडे लक्ष देत नाही हे त्याला कळलं आहे. साखर ताब्यात आहे, म्हणजे रक्तातली. डब्यातली संपली, ती आज आणीन. तर मुद्द्याची गोष्ट अशी, की गाडी निघाली. फोनवर मी तुला एवढंच सांगितलं आणि तू विचारलंस, "काही त्रास नाही ना झाला, बाबा?" मी म्हटलं, छे. त्या 'छे'चा सविस्तर वृत्तांत पुढीलप्रमाणे.

आधी कंपनी शोधण्याचा भाग. तू सांगितलंस तसं मी कॉम्प्युटरवर 'गाडी दुसऱ्या राज्यात पाठवायची आहे' असं लिहिलं आणि खालच्या चौकटीत माझा नंबर दिला. माझा गुन्हा एवढाच. चहा गाळायच्या आत फोन सुरू झाले. कुणी म्हणे उघड्या ट्रकमधून नेतो, कुणी म्हणे बंद ट्रकमधून नेतो, एक जण तर म्हणाला, "सर, तुमची गाडी म्हणजे माझी गाडी," त्यामुळे त्याला तिथेच बाद केलं. दोन दिवस मी फोन उचलून हैराण झालो. पण सगळे इतके आपुलकीने विचारायचे गं. सर कसे आहात, सर गाडी किती जुनी, सर कोण चालवायचं, सर आता चालू आहे ना. एवढ्या चौकशा तर आपल्या नातेवाइकांनीही कधी केल्या नाहीत. मी प्रत्येकाला नीट, सुरुवातीपासून उत्तरं द्यायचो. शेवटी एका कंपनीला हो म्हटलं आणि बाकीच्यांचे फोन एका दिवसात बंद झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोनदा रिसीव्हर उचलून बघितला, फोन चालू आहे ना म्हणून. चालू होता.

इथे एक गोष्ट लिहून टाकतो. तू 'गाडी पाठवा' म्हणालीस तेव्हा मी जरा गडबडलोच होतो. आई गेल्यापासून आपला फोन एका ठरलेल्या वळणावर संपायचा. तू म्हणायचीस, "बाबा, आता इकडेच या राहायला." मी म्हणायचो, "अगं, पण गाडीकडे कोण बघणार?" तू सुस्कारा सोडायचीस आणि आपण फोन ठेवायचो. मला त्या सुस्काऱ्याची सवय झाली होती. रविवारी फोन झाला की पुढचे दोन-तीन दिवस तो पुरायचा. आणि त्या रविवारी तू सुस्कारा सोडलाच नाहीस. म्हणालीस, "मग गाडीच पाठवून द्या. मला ऑफिसला जायला हवीच आहे." आणि ठेवलास फोन. पुढचं वाक्य राहून गेलं असेल म्हणून मी थोडा वेळ रिसीव्हर कानाशी धरून बसलो होतो. नंतर तो टूं टूं करायला लागला.

गाडी चालू आहे का, असं कंपनीने विचारल्यावर मी छाती फुगवून हो म्हटलं होतं, कारण तिला चालू ठेवण्याचं श्रेय माझं आहे. मला चालवता येत नाही हे जगजाहीर आहे. (आईने एकदा शिकवायला घेतलं होतं, तेव्हा फाटकाच्या खांबाने मध्ये येऊन घोळ केला. मागच्या दारावरचा पोचा तो. तू विचारायचीस तेव्हा आम्ही दोघं म्हशीचं नाव सांगायचो.) पण रोज सकाळी खाली जाऊन, डावीकडच्या माझ्या सीटवर बसून, तिथूनच आडवा वाकून मी किल्ली फिरवायचो आणि पेपर वाचून होईपर्यंत इंजिन चालू ठेवायचो. उजवीकडे बसून किल्ली फिरवणं सोपं पडलं असतं, गुडघ्यालाही बरं. पण उजवीकडे मी कधी बसलो नाही. ती सीट आईने तिच्या मापावर लावलेली, पार पुढे, स्टिअरिंगला चिकटून, आणि पाठीशी ती निळी उशी. मी उभा जन्म वजनमापे खात्यात काढला, दुकानदारांचे तराजू तपासले, पण ते माप मी कधी टेप लावून बघितलं नाही. आईच्या कपाटातले कपडे तू आणि मावशीने वाटून टाकलेत ते बरंच केलंत. चष्मा मीच कुठेतरी ठेवला आणि आता मलाच सापडत नाही. आई केवढी होती हे दाखवणारी एवढी एकच जागा उरली होती.

तर परवा सकाळी कंपनीचा माणूस आला. ट्रक गल्लीत शिरत नाही म्हणून तो मोठ्या रस्त्यावर उभा, आणि गाडी तिथवर हा माणूस चालवत नेणार. आता ठकू, तू म्हणशील बाबा वाढवून सांगतात, पण तो माणूस दारातून आत आला तेव्हा जिन्यात अंधार झाला. मी मनातल्या मनात त्याचं नाव पैलवान ठेवलं. स्वभावाने गरीब. चहा घेतला, दोन बिस्किटं घेतली, गाडीभोवती फिरून सगळ्या ओरखड्यांचे फोटो काढले. खांबाच्या पोच्यापाशी थांबून त्याने माझ्याकडे पाहिलं, मी म्हैस म्हटलं. मग त्याने गाडी रिकामी करायला घेतली, कारण गाडीत सामान ठेवायचं नाही असा त्यांचा नियम आहे. खोकल्याच्या गोळ्या निघाल्या, सेल नसलेली बॅटरी निघाली, एक तुझा शाळेतला मोजा निघाला. हे सगळं मी मुकाट्याने पिशवीत घेतलं. मग त्याने उशी काढली. मी म्हटलं, उशी सामानात येत नाही, ती गाडीचाच भाग आहे. तो म्हणाला, "काका, सुटी वस्तू म्हणजे सामान." कायद्याने त्याचं बरोबर होतं आणि कायद्यापुढे मी नेहमीच हात टेकतो. उशी बगलेत घेऊन उभा राहिलो.

मग तो आत बसायला गेला. गेला म्हणजे निम्मा गेला. एक पाय आत, डोकं आत, पोट स्टिअरिंगपाशी अडकलं आणि दुसरा पाय आवारातच राहिला. तसाच वाकून त्याने सीटखाली हात घातला, सीट मागे सरकवायची दांडी शोधायला. "हात लावू नका," मी म्हटलं, आणि ते इतक्या मोठ्याने निघालं की दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. कारण काय सांगणार? मी म्हटलं, दांडी मोडलेली आहे. तो म्हणाला, बघतो ना, अशा कितीतरी बसवल्यात मी. मी म्हटलं, ती एकदा मागे गेली की थांबत नाही. सीट थांबत नाही म्हणजे कुठे जाते, हे त्यानेही विचारलं नाही आणि मलाही ते ठाऊक नव्हतं.

एवढ्यात तळमजल्यावरच्या टेलरबाई बाहेर आल्या, गळ्यात टेप आणि तोंडात दोन टाचण्या. त्यांना गाडी चालवायला आईनेच याच आवारात शिकवलं होतं. (माझ्यानंतर सुरुवात करून माझ्याआधी शिकल्या.) त्यांनी एकदा पैलवानाच्या अर्ध्या अंगाकडे पाहिलं, एकदा माझ्या बगलेतल्या उशीकडे, टाचण्या काढून पदराला लावल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, किल्ली द्या. रस्त्यापर्यंत मी नेते." पैलवान सुटला, त्या बसल्या. माझ्या हातून उशी घेऊन त्यांनी पाठीशी लावली आणि सीट त्यांना बरोबर आली, बोटभरही इकडेतिकडे नाही. मी मागे उभा होतो. मागच्या काचेतून सीटच्या वर नुसता अंबाडा दिसत होता. आणि ठकू, मी काही विचार केला नाही, सवयीने वळसा घालून डावीकडचं दार उघडलं आणि बसलो.

गल्ली तशी केवढीशी. बेकरी, औषधांचं दुकान, तुझी शाळा, की संपली. पैलवान बिचारा मागून चालत येत होता. शाळेच्या कोपऱ्यावर, जिथे समोरचं काही दिसत नाही, तिथे बाईंनी वेग कमी केला आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "डावीकडे कोणी नाही, घे." बाईंनी गाडी घेतली. मी वाट बघत राहिलो. तुला माहीत आहे कशाची. आयुष्यभर त्या कोपऱ्यावर मी 'कोणी नाही, घे' म्हटलं की आई म्हणायची, "दिसतंय मला." एकदाही चुकली नाही. त्या दोन शब्दांवरून मी तिच्याशी भांडलो आहे, की दिसत असेल तर असू दे, पण प्रत्येक वेळी सांगायलाच हवं का? परवा बाई काही बोलल्या नाहीत. बरोबरच आहे, त्यांना काय ठाऊक. मोठा रस्ता आला, गाडी थांबली आणि मला तिची फार आठवण आली. इथे दुसरं काय लिहू कळत नाही.

ट्रकपाशी नवीन भानगड. फळीवरून गाडी वर चढवायची ती कंपनीच्याच माणसाने, बाहेरचं कोणी चालणार नाही. म्हणजे परत पैलवान, परत दांडी. टेलरबाई उतरल्या होत्या. मी बसूनच राहिलो. पैलवान खिडकीशी वाकला, "काका, उतरा आता." तेवढ्यात मला ट्रकच्या आत पुढच्या टोकाला तारेचं मोठं रीळ दिसलं. हे कशाला, मी विचारलं. तो म्हणाला, बंद पडलेली गाडी असली की आकडा लावून ओढून घेतो. मी वाकून किल्ली काढली, खिशात टाकली आणि म्हटलं, गाडी बंद पडली.

"आत्ता तर चालत आली की, काका."

"म्हणूनच तर. दमली."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग सीटकडे बघितलं, आपल्या पोटाकडे बघितलं, आणि तार सोडवायला गेला. मी उतरून किल्ली त्याच्या हातात दिली, उशी मला परत मिळाली. तारेने गाडी ओढत होते आणि पैलवान बाजूने चालत, खिडकीतून हात घालून स्टिअरिंग सांभाळत होता. आयुष्यभर खोट्या वजनांसाठी लोकांना दंड केला आणि एकाच सकाळी तीनदा खोटं बोललो (म्हैस धरून). पण सीट जागची हलली नाही. गाडी उजवीकडे कोणी न बसता, आईच्या मापावर तुझ्याकडे येत आहे.

घरी आल्यावर पेपर कुठे वाचावा हा प्रश्न पडला. गाडीच्या रिकाम्या जागेत खुर्ची टाकून बसलो तर टेलरबाईंनी वर पाठवलं, ऊन लागेल म्हणून. बाकी सर्व क्षेम. काळजी करू नकोस. मी मजेत आहे.

तुझा,
बाबा

ता. क. गाडी तुला 'बंद, सीट नादुरुस्त' अशा शेऱ्यासह मिळेल. मेकॅनिक बोलावून ठेवू नकोस. किल्ली फिरवलीस की सुरू होईल.

ता. क. २. ट्रक वळणावरून दिसेनासा झाला तेव्हा आठवलं, की तू उंचीने माझ्यावर गेली आहेस आणि आईपेक्षा चांगली वीतभर उंच आहेस. म्हणजे हा सगळा खटाटोप मी ज्या सीटसाठी केला ती तू पहिल्याच दिवशी मागे लोटणार. लोट. दांडीला काही झालेलं नाही, जरा कण्हते एवढंच. फक्त लोटण्याआधी एकदा तशीच बस. गुडघे लागले तर लागू देत.

ता. क. ३. उशी माझ्यापाशी राहिली. कुरियरवाल्याला विचारलं, तो म्हणतो दाबून चपटी करून पाठवावी लागेल. ते मला पटत नाही. कोणीतरी मांडीवर घेऊन आणायला हवी. पैलवानाला सहज विचारून पाहिलं, गाडीबरोबर माणूस नेता का? नाही म्हणाला.

ता. क. ४. त्या रविवारी तुझं पुढचं वाक्य राहून गेलं होतं. या रविवारी विचारून टाक. मी नाही म्हणेन, सवय आहे. तू परत विचार. दुसऱ्या वेळी माझ्याकडे सांगायला काही उरलेलं नाही, गाडी तुझ्याकडे आहे.

ता. क. ५. उजवीकडची सीट हवी तशी कर. डावीकडची मात्र हलवू नकोस. ती माझ्या मापावर आहे.