बाळाला आजोबा केलं

आई,
पाया पडते. खातेय, झोपतेय, जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

जिथे भराभर तारे जन्मतात अशा एका दीर्घिकेतल्या तारकागुच्छांची वयं काढायचं माझं काम. निळा गुच्छ तान्हा, लाल म्हातारा. परवा एक लालभडक गुच्छ मी म्हाताऱ्यांत घातला. सर म्हणाले, "बाळाला आजोबा केलंस! मधल्या धुळीमुळे तो लाल दिसतोय, आधी ती वजा कर." केली, तर लाली गेली आणि मागून काहीतरी तान्हं, निळं टक लावून बघू लागलं.

दादाने तुझा फोटो पाठवलाय. क्षणभर वाटलं, गेलेली आजीच बसलीये. ओढणीने तीनदा पुसला, पण आजी काही उठेना.

फोटोवर धूळ नव्हतीच, आई. डॉक्टर काय म्हणाले? दादाला लिहायला सांगू नकोस, तूच लिही.

तुझीच,
धाकटी